आठवं पाऊल

"आता आयका, मॅडम. हे व्हायोलिनवाले आले. बारा जन हायेत, पन एकाच हातानं वाजवल्यावानी. आन त्यायच्या खाली, दबून, कोन वाजवून राह्यलं? सांगा."

प्रेरणा मॅडमनं डोळे मिटले, स्पीकरकडे कान नेला आणि जरा वेळानं म्हणाली, "बासरी?"

"क्लॅरिनेट." पुंजाजीनं बोट वर केलं. "व्हायोलिनच्या सावलीत चालते ते. एकटं आयकू येत नाही. पन कहाडून टाका, व्हायोलिन बोडकं वाटते. बासरी मंग येते, दुसऱ्या ओळीच्या शेवटाले, उत्तर देल्यावानी. आन ते पितळी भोंगे अजून गप बसेल हायेत. त्यायले शेवटच्या चढणीसाठी राखून ठेवलं. तिथं येतीन सगळे, आन झांज एकच खेप वाजन. एकच."

शेवटची चढण आली, पितळी भोंगे आले, झांज एकदाच वाजली आणि बावन्न सेकंदांचं राष्ट्रगीत संपलं. रेकॉर्डिंग संपेपर्यंत दोघं उभीच होती. सातवीच्या वर्गात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं; पोरं मैदानावर उद्याच्या सव्वीस जानेवारीची कवायत करत होती. मॅडम बसली आणि पुंजाजीनं सांगितलेलं भराभर वहीत उतरवू लागली. उद्या ती हे सगळ्या गावापुढं वाचणार होती.

धामणगाव बढ्याजवळच्या या गावात प्रेरणा मॅडम बदलून आली त्याला सात महिने झाले होते. नाशिककडची मुलगी, गाणं शिकलेली. शाळेचं जुनं कपाट आवरताना तिला एक कॅसेट सापडली. तिनं ती मलकापूरला नेऊन लॅपटॉपवर घेतली आणि ऐकली. मोठ्या वाद्यवृंदानं वाजवलेलं राष्ट्रगीत आणि त्याच्या आधी साइड ड्रमचा सात पावलांचा रोल, म्हणजे कवायतीत सात पावलं पडतील तेवढा वेळ चाललेली सलग थरथर. हे कुणी वाजवलंय म्हणून तिनं सहज विचारलं, तर शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. पुंजाजी मास्तर. पंचशील बँड पार्टीचे.

"आता तुमचा भाग, काका," ती म्हणाली आणि तिनं रेकॉर्डिंग अगदी सुरुवातीला नेलं.

सुपात तांदूळ पाखडावेत तसा बारीक आवाज सुरू झाला. एकेका पावलाला वाढत गेला, चौथ्या पावलाला वर्ग भरून गेला, मग तसाच उतरत उतरत सातव्या पावलाला जेमतेम कानाला लागेल एवढा उरला. त्यानंतर एक पाऊल काहीच नाही. एक ठोका नाही, श्वास नाही. मग व्हायोलिन. मॅडमनं तिथंच थांबवलं.

"किती सुंदर आहे हो. एक विचारू? उतरताना डाव्या हाताचा ठोका उजव्यापेक्षा जरा हलका येतो. प्रत्येक वेळी. हे तुम्ही मुद्दाम केलंय?"

पुंजाजीनं आपला डावा हात पाहिला. पाची बोटं धडधाकट, जागच्या जागी. ती टेबलाखाली घ्यावीशी वाटली आणि त्यानं घेतलीही.

"मुद्दामच," तो म्हणाला. "ज्याची त्याची कला असते."

मॅडमनं तेही वहीत लिहिलं. पुंजाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अठ्ठावीस वर्षांत हे खोटं तो शेकडो वेळा बोलला होता, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, जावयापुढं. पण ते सगळं मोघम असायचं. असं नेमकं बोट ठेवून कुणी विचारलं नव्हतं, आणि लिहून तर कुणीच घेतलं नव्हतं.

"आणि हा रोल इतकी वर्षं कुणी ऐकलाच नाही," मॅडम हळहळली. "कॅसेट बंद पडली तेव्हा गाणं पेनड्राइव्हवर घेतलं ना, तेव्हा सुरुवातीचा ड्रम कापूनच टाकला म्हणे. मुलांना कळायचं नाही, कधी सुरू करायचं ते. बारा वर्षं झाली."

"बारा?" पुंजाजीच्या तोंडून निघून गेलं.

त्याला माहीतच नव्हतं. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आयुष्यभर पितळी वाद्यांच्या पुढ्यात उभं राहून कान निम्मे गेलेले, आणि शाळेच्या भोंग्यातून बारीक आवाज तसाही तिथवर पोचत नसे. व्हायोलिनची किंचाळी ऐकू आली की तो ओट्यावर बसलेल्या माणसाला ऐटीत सांगे, "वाजला माहा ड्रम." बारा वर्षं तो वाजतच नव्हता. जो आपला नव्हताच तो ड्रम तो रोज ऐकत होता म्हणे, आणि तोही न वाजलेला. यापरतं हसं ते काय व्हायचं राहिलं?

"उद्या पूर्ण लावणार आहे मी," मॅडम म्हणाली. "मग तुमचा सत्कार. पुढारी नको म्हटलं. शाळेतल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या हातून करू. चांगुणाबाईंच्या."

पुंजाजी उठला. पाणी प्यायचंय म्हणाला आणि बाहेर पडला.

चांगुणा शाळेत खिचडी शिजवायची, बावीस वर्षांपासून. ती गोकुळची बायको होती. आणि तो ड्रम गोकुळनं वाजवला होता.

झालं होतं ते असं. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीला शाळांसाठी राष्ट्रगीताचं रेकॉर्डिंग करायचं होतं. त्यांचा अरेंजर, म्हणजे कोणतं वाद्य कधी वाजेल ते ठरवणारा, मूळचा मलकापूरचा. एका लग्नात त्यानं पंचशील बँडचा ड्रम ऐकला आणि दोघांना बोलावणं धाडलं, मास्तर म्हणून पुंजाजीला आणि जोडीला म्हणून गोकुळला. दोघं मलकापूरहून गाडीत बसले ते नवे बूट घालून. स्टुडिओत वाद्यवाले खुर्च्यांवर ओळीनं बसलेले, प्रत्येकापुढं कागद. अरेंजरनं पुंजाजीला समजावलं. हळू सुरू करा, चढवा, उतरवा. सात पावलं. आठवं पाऊल मोकळं सोडा. मग हे सुरू करतील.

पुंजाजीनं सात पावलं अशी वाजवली की दोन व्हायोलिनवाल्यांनी मान वळवून पाहिलं. आणि आठव्या पावलावर त्याची काडी पडली. ठप्.

अरेंजर हसला, पुन्हा घेऊ म्हणाला. पुन्हा पडली. बँडवाल्याचा हात तो. वरातीत प्रत्येक गाण्याच्या तोंडाशी ड्रमवाला एक ठोका देतो, त्या ठोक्यावर बाकीचे गाणं उचलतात. तो दिला नाही तर वाजवणारे एकमेकांची तोंडं पाहतात आणि शिवी ड्रमवाल्याला पडते. वीस वर्षं या हातानं कुठलंच गाणं ठोक्याशिवाय सुरू होऊ दिलं नव्हतं. मोकळी जागा दिसली की हात आपोआप जायचा. चार खेपा असं झालं. चौथ्या खेपेला अरेंजर अगदी प्रेमानं म्हणाला, "मास्तर, तुम्ही जरा बाहेर बसा. यांना बघू द्या."

लहानपणी कडबा कापताना गोकुळच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरं गेली होती. त्याच हातानं त्यानं काडी धरली आणि एका खेपेत काम केलं. काचेबाहेरच्या लाकडी बाकावर पुंजाजी गोकुळची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

दोघं गावी परतले. एस. टी.तून उतरल्या उतरल्या लोकांनी गराडा घातला, कोनं वाजवलं, कोनं वाजवलं. पुंजाजीनं तोंड उघडायच्या आत गोकुळ म्हणाला, "मास्तरनं. दुसरं कोन वाजवन?"

त्या क्षणी नाही म्हणता आलं असतं. एक शब्द लागला असता. पुंजाजीनं तो गिळला आणि लोकांनी आणलेला हार गळ्यात घालून घेतला. उद्या सांगू म्हणाला, परवा सांगू म्हणाला. दोन वर्षांनी मलकापूरच्या पुढं हायवेवर बँडची गाडी उलटली आणि गोकुळ गेला. मग सांगायचं कुणाच्या साक्षीनं, आणि आता इतक्या दिवसांनी कशाला, असं म्हणत म्हणत पुंजाजी म्हातारा झाला. मधे एकदा खिचडीसाठी बाई पाहिजे असं कळलं तेव्हा त्यानं हेडमास्तरांकडं चार चकरा मारून चांगुणाला चिकटवली. गाव म्हणालं, मास्तर दोस्तीला जागला. पुंजाजीला तेही ऐकवेना.

चांगुणाला सगळं माहीत आहे याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. नवरा बायकोला सांगितल्यावाचून राहील का? माहीत असून ती गप्प होती, रस्त्यात भेटली की पदर सावरून "जयभीम, मास्तर" म्हणत होती, आणि तिचा तो जयभीम त्याला शिवीपेक्षा जड जायचा.

खिचडीच्या शेडमध्ये ती परातीत डाळ निवडत बसली होती. पुंजाजी दारात उभा राहिला.

"या ना मास्तर. उनीत काऊन उभे?"

"नाही, जातोच. मॅडमनं सांगतलं मले. उद्याचं."

"हाव. मॅडम मले म्हने, फुलं तुमच्या हातानं द्याची. मी म्हनलं, मास्तरले काय माह्या हातचे फुलं पाह्यजेत? दुसरं कोनी मोठं मानूस पाहा."

हे ती सरळ मनानं म्हणाली की टोमणा मारून, पुंजाजीला कळेना. चोराच्या मनाला सगळंच टोमण्यासारखं लागतं.

"चांगुणा," तो चाचरत म्हणाला, "तुले काई म्हनाचं असन, तं म्हन."

तिनं डाळीतला खडा उचलून बाहेर टाकला. "मी काय म्हनू? मले काय समजते त्यातलं? जे सांगतलं ते आयकलं मी."

एवढंच. पुंजाजी घराकडं निघाला. वाटेत दोघांनी त्याला हात केला आणि "उद्या मास्तरचा दिवस" म्हणाले. घरी रुख्मिणीनं, त्याच्या बायकोनं, पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला होता. सुनेनं नातवाची टोपीही धुतली होती, आजोबांचा सत्कार पाहायला जायचं म्हणून.

"तोंड काऊन पाडलं?" रुख्मिणीनं विचारलं. "लोकायले असा दिवस दिसत नाही."

"दिसू नाही असाच हाये," तो म्हणाला. तिनं ते मनावर घेतलं नाही. म्हातारा मोठ्या कामाआधी नेहमीच कुरकुरतो.

सकाळी झेंडा वर गेला आणि मॅडमनं पूर्ण रेकॉर्डिंग लावलं. नवा मोठा स्पीकर आणला होता. मैदानावर सगळं गाव ताठ उभं. सात पावलं चढली, उतरली, आठवं पाऊल मोकळं गेलं आणि राष्ट्रगीत सुरू झालं. पुंजाजी समोरच्या ओळीत उभा होता, नजर जमिनीला. जिथं ऊर भरून यायचा तिथं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग लोक बसले. मॅडमनं वहीतलं वाचलं. व्हायोलिनच्या सावलीतलं क्लॅरिनेट वाचलं, राखून ठेवलेले पितळी भोंगे वाचले, आणि शेवटी म्हणाली, "डाव्या हाताचा मुद्दाम हलका ठेवलेला ठोका, हे आपल्या मास्तरांचं वैशिष्ट्य." टाळ्या झाल्या. टेबलाशेजारी चांगुणा धुवट हिरवं लुगडं नेसून, दोन्ही हातांत फुलांचा गुच्छ घेऊन उभी होती. गुच्छ तिनं जड घागरीसारखा धरला होता.

पुंजाजी उठला. तिच्याकडं न जाता तो माइककडं गेला.

"मॅडमनं जे वाचलं, ते खरं नाही," तो म्हणाला. "त्यायचा दोष नाही. मीच सांगतलं तसं. हा ड्रम गोकुळनं वाजवला. मी भायेर बाकावर बसेल होतो."

मग सरपंच उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. "याले म्हनते मोठेपना," ते म्हणाले. "सोताचा मान गेलेल्या दोस्ताले देऊन राह्यले मास्तर. शिका पोट्टेहो." सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. मागून कुणी तरी डोळेही पुसले.

पुंजाजीला रडू यायचं तेवढं राहिलं. खोटं न बोलता नुसतं गप्प बसलो तर गावानं एका दमात पटवून घेतलं. आता खरं माइकवर ओरडून सांगतो आहे तर त्याचाही हारच होतो आहे.

"मॅडम," तो म्हणाला, "कवायतीचा ड्रम आना इकडं."

ड्रम आला. त्यानं पट्टा गळ्यात घातला, काड्या घेतल्या. सदुसष्टाव्या वर्षीही हात जिवंत होते. सात पावलं त्यानं अशी काढली की पोरं तोंड उघडं टाकून पाहत राहिली. आठव्या पावलाशी तो मनात स्वतःला म्हणाला, सोड. आज तरी सोड. त्यानं खरोखरच जीव तोडून हात आवरायला पाहिलं.

ठप्.

"पुन्हा," तो म्हणाला, आणि पुन्हा सात पावलं चालला. ठप्. तिसऱ्या खेपेला काय होणार हे पोरांनाही कळलं होतं. काडी पडली तशी पहिलीच्या ओळीतून खुदकन हसू आलं आणि वर्गाच्या बाईंनी डोळे वटारल्यावर दबलं. रुख्मिणी पुढच्या सतरंजीवर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हळूच मान फिरवली, ती पुंजाजीला दिसली.

"मुंबईले असंच झालं," तो म्हणाला. "चार खेपा. मंग साहेबानं मले उठवलं आन गोकुळले बसवलं. डाव्या हाताचं बोट नव्हतं त्याचं, म्हनून तो ठोका हलका येते. मुद्दाम नाही तो. मॅडम, आता खरं लावा. ड्रमच फक्त."

मॅडमनं लावलं. सात पावलं. डावा ठोका हलका, हलका, हलका. आठवं मोकळं. तिनं तिथंच बंद केलं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरपंचांनी घड्याळात पाहिलं. हेडमास्तर घाईघाईनं माइकवर आले आणि आता चौथीच्या मुली नृत्य सादर करतील असं म्हणाले.

पुंजाजी पट्टा काढून खाली उतरला. लोकांनी वाट दिली. बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. फाटकाशी पोचला तेव्हा मागून हाक आली.

"मास्तर."

चांगुणा होती. गुच्छ अजून तिच्या हातातच होता, कुठं ठेवायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"शिव्या दे," पुंजाजी म्हणाला. "अठ्ठावीस वर्सं दाबून ठेवेल असतीन."

"खरंच त्यानं वाजवलं?"

त्याला प्रश्नच समजला नाही. "म्हंजे? तुले तं मालूमच हाये ना?"

"मले कसं मालूम असन?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गावात सांगे मास्तरनं वाजवलं. घरी आला का मले सांगे, तो माहा हाये, कोनाले बोलू नको. दोन तोंडं एका मानसाची. मले वाटलं, बायकोपाशी बढाई मारून राह्यला. बोट नाही हाताले, इतक्या मोठ्या लोकायमंदी याले कोन वाजवू देईन? हसली मी त्याले. शाळेत वाजलं का मी म्हनो, घ्या, वाजला पाहा तुमचा ड्रम. दोन वर्सं, तो मरेलोक, हसली."

पुंजाजीला वाटायचं की आपण गावाची फसवणूक केली. गोकुळचं घर त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"तो काय म्हने मंग?" त्यानं कसंबसं विचारलं.

"काई नाही. तोही हसे. मंग मंग सांगाचं बंद केलं त्यानं."

मैदानावर नृत्याचं गाणं लागलं, संपलं. लोक पांगू लागले. चांगुणा वळली आणि मंडपात लॅपटॉपची वायर गुंडाळत असलेल्या प्रेरणा मॅडमपाशी गेली. काय म्हणाली ते पुंजाजीला ऐकू आलं नाही. मॅडमनं वायर परत जोडली. चांगुणा पोरांच्या सतरंजीवर, स्पीकरच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसली. फुलं मांडीवर ठेवली.

रोल चढला, उतरला, संपला.

"पुढचं लावू का, बाई?" मॅडमनं विचारलं.

"नाही," चांगुणा म्हणाली. "एवढंच. पयलेपासून लावा."

आत जायची पुंजाजीची हिंमत होईना आणि घरी जायला तोंड नव्हतं. तो फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला. आत मॅडमनं तिसऱ्यांदा लावलं, चौथ्यांदा लावलं, आणि चांगुणा काही उठली नाही.